वीस मिनिटं

गणपतीच्या पाचव्या दिवशीचं व्याख्यान शालिनीनं द्यावं असं मराठी मंडळाच्या मधुमतीबाईंनी सुचवलं, त्यामागे दयाच होती. पोरीची आई जाऊन सहा महिने झाले, शाळा आणि घर यापलीकडे ती कुठं दिसत नाही, चार माणसांत आली तर तेवढंच बरं. विषयही त्यांनीच काढून दिला. आरोग्यशास्त्र म्हणजे काय आणि ते सगळ्यांना का हवं.

"तू मुलींना जीवशास्त्र शिकवतेस, तुला काय अवघड," त्या म्हणाल्या. "आणि त्याच दिवशी आप्पासाहेबांचा सत्कार ठेवलाय. साठी झाली त्यांची. मतलब, आधी शाल-श्रीफळ, मग तुझं भाषण."

"चालेल," शालिनी म्हणाली. "फक्त त्यांना सांगा, सुयांची पेटी घेऊन या म्हणावं. मला ती सगळ्यांना दाखवायचीय."

मधुमतीबाईंना गहिवरून आलं. पोरीचं मन मोठं, असं त्या नंतर चारजणींना सांगत होत्या.

आप्पासाहेब फौजेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर गावी न जाता या हिंदी मुलखातच, खातीपुऱ्यात, घर घेऊन राहिले. गेली बारा वर्षं दर गुरुवारी ते लूनावरून निघायचे आणि मराठी घरं फिरायचे. खातीपुरा, मालवीय नगर, थेट सांगानेरपर्यंत. बायकांना ताकदीची लाल सुई द्यायची, चहा घ्यायचा, कुणाच्या मुलाचं लग्न कुठं जमतंय याची बातमी पुढच्या घरी पोचवायची. पैसे घेत नसत. परमुलखात "दुखलं नाही ना?" असं आपल्या भाषेत विचारणारा माणूस म्हणजे निम्मा नातेवाईकच. अशा माणसाला कुणी विचारत नाही की ही सिरिंज मागच्या घरून निघाल्यावर उकळलीत का.

शालिनीच्या आईनं, पार्वतीबाईंनी, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दर गुरुवारी दंड पुढे केला होता. फाल्गुनात त्यांचे डोळे पिवळे झाले. नवव्या दिवशी त्या गेल्या. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं रक्ताची तपासणी करून सांगितलं, ही पाण्यातून होणारी कावीळ नाही, रक्तातून पसरणारी आहे. यांनी कुठं सुया घेतल्या होत्या का?

"घेतल्या होत्या," शालिनीचे वडील उमाकांतराव म्हणाले, "पण आपल्याच माणसाकडून." शंकेचं निरसन झाल्यासारखे ते बोलले.

त्या आपल्या माणसानं दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंना खांदा दिला.

शालिनी चारचौघांत रडली नाही. भेटायला येणाऱ्या बायका मात्र रडायच्या, आणि रडता रडता आपलं सांगायच्या. मलाही झाली होती गं कावीळ, संक्रांतीनंतर. आमच्या जाऊबाईंनाही. शालिनी त्यांना पाणी द्यायची आणि त्या गेल्यावर वहीत लिहून ठेवायची. नाव, घर, महिना, पाणी कुठलं, दूध कुणाचं. तेराव्यापर्यंत आईचं धरून सात नावं झाली. पाणी तीन ठिकाणचं होतं, दूधवाले चार होते. सुई मात्र एकच.

वही तिनं वडलांपुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा न लावताच मिटली.

"शालू, त्यांनी तुझ्या आईला बहीण मानलं होतं."

"म्हणून तर तिनं विचारलं नाही, बाबा."

"ते सुया सोडतील. मी बोलतो त्यांच्याशी."

उमाकांतराव बोलले की नाही, कोण जाणे. आप्पासाहेबांची लूना दर गुरुवारी निघतच राहिली. मग शालिनीनं ठरवलं. ज्या बायकांनी दंड पुढे केले, त्यांच्यासमोर या माणसानं आपल्या तोंडानं सांगायचं. आणि त्यानंतर त्याच्या हातात सुई दिसायची नाही. या दोन गोष्टींपलीकडे तिला काही नको होतं. या दोन गोष्टींहून कमी काही चालणारही नव्हतं.

मंडळाचा हॉल भरला होता. गणपतीपुढे समई, पंख्याखाली ज्येष्ठांच्या खुर्च्या, मागे सतरंज्या. आप्पासाहेबांना शाल पांघरली गेली. त्यांनी नारळ मांडीवर घेतला आणि टाळ्यांना हात जोडले. मग शालिनी उठली. टेबलावर तिनं शाळेतून आणलेला स्टोव्ह, एक पातेलं, काचेचे तीन पेले, लाल शाईची दौत आणि आईचं गजराचं घड्याळ मांडलं होतं. टेबलाशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. ती अध्यक्षांची असावी असं सगळ्यांनी धरून चाललं.

"आरोग्यशास्त्र म्हणजे डॉक्टरांचं शास्त्र नव्हे," ती म्हणाली. "डॉक्टर एका माणसाचा आजार बघतो. हे शास्त्र विचारतं, आणखी कुणाला झाला? कधी? त्या सगळ्यांच्यात सारखं काय होतं? एवढं विचारायला पदवी लागत नाही. वही लागते, आणि विचारायला न लाजणं लागतं. आप्पासाहेब, जरा वर येता? पेटी घेऊन."

"आता या वयात परीक्षा घेतेस होय गं?" आप्पासाहेब पेटी आणि नारळ घेऊन हसत उठले. बायकाही हसल्या.

"सोपी आहे. तुम्ही दर गुरुवारी करता तेच."

तिनं त्यांना सिरिंजमध्ये थोडी लाल शाई ओढायला लावली, मग ती परत दौतीत सोडायला लावली. "आता पुढच्या घरी जायचंय. काय करता?"

"सुई बदलतो." त्यांनी बदलली. "आणि गरम पाण्यातून काढतो." पातेल्यातल्या कोमट पाण्यात त्यांनी सिरिंज एकदा बुडवली आणि झटकली.

"आता या पेल्यातलं स्वच्छ पाणी ओढा. आणि सोडा."

पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या पेल्यात फिकट गुलाबी. तिसरा पेला तिनं उजेडाकडे धरला. मागे सतरंजीवर बसलेल्या बायका मान उंचावून बघायला लागल्या.

"हा तिसरा स्वच्छ दिसतो," शालिनी म्हणाली. "नाही आहे. रक्त याहून कमी असलं तरी आजार द्यायला पुरतं. आता, आप्पासाहेब, योग्य रीत काय? किती वेळ उकळायची?"

त्यांनी सिरिंज टेबलावर ठेवली. तिनं स्टोव्ह पेटवला, सिरिंज सुटी करून सुईसकट पातेल्यात ठेवली. पाण्याला चांगली उकळी फुटली तेव्हा घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावला.

"आपण थांबू," ती म्हणाली आणि हात बांधून उभी राहिली.

पहिली दोन मिनिटं लोकांना गंमत वाटली. "तोवर चहा सांगा," कुणीतरी मागून म्हणालं. चौथ्या मिनिटाला मधुमतीबाई म्हणाल्या, "शालिनी बेटा, पुढचं बोल ना, ते उकळत राहील." शालिनीनं मान हलवली. आठव्या मिनिटाला कुजबुज थांबली. स्टोव्हचा फरफराट आणि घड्याळाची टिकटिक एवढंच उरलं. सहाजणी तिथं बसल्या होत्या, ज्यांना कावीळ झाली होती. त्या एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"आप्पा," मालन हळूच म्हणाली. ती सांगानेरहून आली होती. "आमच्याकडे तर तुम्ही असे कधी थांबला नाहीत."

"मीच म्हणायचे, पोळ्या राहिल्यात, आटपा लवकर," गंगूबाई म्हणाल्या.

"सगळ्यात आधी कुणाला झाली होती?" मागून एकीनं विचारलं.

शालिनीला ते माहीत होतं. वहीच्या पहिल्या पानावर ते नाव होतं आणि ती बाई तिसऱ्या रांगेत पदर मुठीत धरून बसली होती. "ते मी सांगणार नाही," शालिनी म्हणाली. "ती आजारी होती. आजार तिनं वाटला नाही."

आप्पासाहेबांनी अंगावरची शाल काढून टेबलावर नारळाशेजारी ठेवली. चौदाव्या मिनिटाला ते बोलले, घड्याळाकडे बघत.

"फौजेत आम्हीही वीस मिनिटं उकळायचो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग इथं?"

त्यांनी समोर बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. बारा वर्षांचा चहा, बारा वर्षांच्या चकल्या. "तिथं डोक्यावर साहेब असायचा," ते म्हणाले. "इथं कुणी विचारलं नाही."

पहिल्या रांगेत उमाकांतरावांनी डोळे मिटून घेतले. शालिनीनंही विचारलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत एका गुरुवारी ती घरीच होती, उत्तरपत्रिका तपासत. शेजारच्या खोलीतून आप्पासाहेबांचा आवाज आला होता, "झालं, ताई." किती लवकर झालं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. याच दौतीतल्या शाईनं ती तेव्हा गुण देत होती. पण हा हिशेब तिचा तिच्यापाशी होता. आजचा दिवस त्यासाठी नव्हता.

गजर वाजला. कुणी हललं नाही. शालिनीनं तो थांबवला आणि स्टोव्ह विझवला.

"काढा," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी पेटीतला चिमटा घेतला, तो स्पिरिटनं पेटवून घेतला, सिरिंज उचलली, दट्ट्या बसवला, सुईच्या टोकाला बोटही न लावता ती चढवली. इतकं नेटकं काम शालिनीनं कधी पाहिलं नव्हतं. त्या हातांना सगळं येत होतं, सगळी बारा वर्षं येत होतं, हे डोळ्यांनी दिसल्यावर तिचा उरलासुरला संकोच गेला.

"सुई तयार आहे, आप्पासाहेब," तिनं रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "आईला द्या."

ते खुर्चीपुढे उभे राहिले. सिरिंज वर धरलेली, डावा हात अर्धवट पुढे, दंड धरायच्या सवयीनं. किती वेळ ते तसे उभे होते, ते घड्याळानं मोजलं नाही. मग त्यांनी सिरिंज पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि पेटी टेबलावरच सोडून पायऱ्या उतरले. शाल आणि नारळही तिथंच राहिला. वाट द्यायला बायकांनी पाय आखडून घेतले.

परतताना शालिनी स्कूटरवर वडलांच्या मागे बसली होती, मांडीवर ती पेटी आणि घड्याळ. खातीपुऱ्याच्या फाटकाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं.

"झालं तुझं समाधान?" उमाकांतरावांनी मागे न बघता विचारलं.

"नाही."

डबे जात राहिले. बरेच होते.

"मालन म्हणत होती," शालिनी म्हणाली, "सांगानेरला कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत आणखी एकजण सुया देत फिरतो. हिंदीत बोलावं लागेल."

फाटक उघडलं. स्कूटर सुरू करण्याआधी उमाकांतरावांनी हात मागे करून घड्याळ घेतलं, कानाशी धरलं, आणि किल्ली देऊन तिच्याकडे परत दिलं.