मांजरासाठी शिवलेली दुपटी

विमलाबाईंना कुणी विचारलं असतं की दिवसभर काय करता हो, तर त्यांनी फटकन सांगितलं असतं, "काय करायचंय? बसते." साफ खोटं! घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या एका खोलीत बाई सकाळी नऊपासून ऊन उतरेपर्यंत खिडकीखाली बसून दुपटी शिवायच्या. तान्ह्या बाळाला गुंडाळायची, दीड हाताची, जुन्या सुती साड्यांची. आणि दारात कुणाची चाहूल लागली की चोरीचा माल असल्यासारखी झटकन उशीखाली सारायच्या.

चोरीच म्हणा ना. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, हे कोकणातल्या बाईला काय शिकवावं लागतं? झबलं नाही, टोपरं नाही, पाळणा नाही. बाळ आलं, रडलं, की मग ट्रंकेतली जुनेरं काढायची. विमलाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. तरी तीन वर्षांपूर्वी सुनेला, मनालीला, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा त्यांना धीर धरवला नाही. नवरा गेल्यानंतर इतक्या वर्षांनी घरात काही चांगलं घडत होतं. पाचव्या महिन्यातच बाईंनी पिवळं झबलं शिवलं, लेस लावलेलं टोपरं शिवलं, आणि अख्ख्या चाळीला दाखवत फिरल्या. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, नाळेचं काहीतरी. पण मनालीच्या आईला कारण घरातच सापडलं. "शिवायची घाई कुणाला झाली होती?" असं ती चारचौघांत बोलली. मनाली तिथेच बसली होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दोन महिन्यांत मुलगा, सुबोध, बायकोला घेऊन मुलुंडला, सासरवाडीच्या शेजारी, भाड्याने राहायला गेला. तेव्हापासून रविवारी एक फोन. "जेवलीस?" "जेवले." "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या." संपलं. पोटचा पोरगा, आणि बोलणं केमिस्टसारखं.

यंदा मनालीला पुन्हा दिवस गेले, हेसुद्धा चौथा महिना लागल्यावर कळलं. त्याच दमात सुबोध म्हणाला, "आई, या वेळी काही करू नकोस हं. प्लीज." डॉक्टरांनी मनालीला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं.

"मी येऊ मदतीला?" विमलाबाईंनी विचारलं.

"तिची आई आहे ना इथे," सुबोध म्हणाला.

मग काय, बसा घरात. टीव्ही लावला तर नुसती भांडणं, बंद केला तर खोली खायला उठायची. जपमाळ हातात फिरायची आणि मन मुलुंडला. अशीच एका दुपारी कपाट आवरताना धुऊन धुऊन मऊ पडलेली हिरवी साडी हाताला लागली. बाईंनी ती नाकाशी धरली, टरकन फाडली आणि सुईत दोरा ओवला. कडेपासून सुरुवात करायची, धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. पहिल्या फेरीला छाती धडधडत होती. तिसऱ्या फेरीला ती धडधड थांबली. सुई वर, सुई खाली, बोटाने टाका दाबायचा, पुढे. डोक्यातला सगळा गोंगाट कुठे गेला कुणास ठाऊक. आणि कितीतरी दिवसांनी विमलाबाईंना चक्क भूक लागली.

शेजारच्या सुंदराबाईने एकदा पकडलंच. "काय गो विमल, ह्यां कोणासाठी?"

"मांजरासाठी."

"मांजर? तुझ्याकडे मांजर खंय आसा?"

"आणणार आहे."

"आण बाये, आण," म्हणत सुंदराबाई गेली, आणि दुसऱ्या दिवशी आपलं जुनं लुगडं दारात ठेवून गेली.

दुपट्याची शेवटची, मधली फेरी मात्र बाई मुद्दाम सोडून द्यायच्या. पुरं झालं नाही म्हणजे शिवलंच नाही, असा हिशेब. देव काय पालिकेचा इन्स्पेक्टर आहे, एक फेरी राहिलेली दिसली म्हणून सोडून द्यायला? हे त्यांनाही कळत होतं. संध्याकाळ झाली की आपल्याच हाताने पुन्हा घात करतोय असं वाटायचं. सगळं उसवून टाकावं म्हणायच्या. पण सकाळ झाली की हात पुन्हा सुईकडेच जायचे. अकरा झाली अशी.

आठव्या महिन्यातच, मंगळवारी सकाळी, सुबोधचा फोन आला. "आई, मुलगी झाली. सतराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीये. नर्स जुनं सुती कापड मागतेय, आणि मनाली म्हणते, आईंकडूनच आण. तूच घेऊन ये."

विमलाबाईंनी अकराही दुपटी पिशवीत भरली. मग बाहेर काढली. पुन्हा भरली. छे, नको! शेवटी साडीचे चार साधे तुकडे उकळून, इस्त्रीने कोरडे करून घेतले आणि एलबीएस रोडने मुलुंडला जाणारी बस धरली.

हॉस्पिटलात मनाली पलंगावर उशीला टेकून बसली होती. चेहरा अगदी उतरलेला. दोन वर्षांत दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या.

"बाळ कसं आहे गं?"

"श्वास घेतेय. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले." मनालीने पिशवी ओढून घेतली, तळापर्यंत हात घातला, मग उलटीच केली. "एवढंच? शिवलेलं काही नाही?"

"नाही गं बाई. या वेळी सुईला हात लावला नाही मी."

मनालीचे डोळे भरून आले. "म्हणजे तुम्हालाही वाटलं, हीसुद्धा जगायची नाही."

विमलाबाई पलंगावर पडलेले तुकडे गोळा करायला लागल्या.

"माझी आई रोज नवस बोलायची आणि रोज रडायची," मनाली म्हणाली. "मी छताकडे बघत पडून असायचे. वाटायचं, भटवाडीहून काहीतरी येईल. कुणाला तरी खात्री आहे असं कळेल. सुबोधने नको सांगितलं होतं, माहितीये मला. पण तुम्ही कधी कुणाचं ऐकलंत?"

"अकरा आहेत," विमलाबाई म्हणाल्या.

"काय अकरा?"

"दुपटी. तीन महिने शिवतेय. तुला कळलं तर पुन्हा माझ्यावर येईल म्हणून घरीच ठेवली."

"मी कधी आणलं तुमच्यावर?"

"तू गप्प बसलीस, मनाली."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मनालीने चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. "हो," ती म्हणाली. "बसले. कुणावर तरी ढकलल्याशिवाय जगताच येत नव्हतं मला."

दोन वर्षं विमलाबाईंनी या शब्दांची वाट पाहिली होती. मनातल्या मनात चोख उत्तरंही तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांना फक्त रडू आलं.

"ढकल गो," त्या म्हणाल्या. "मी सोसेन. पण मला अशी एकटी नको टाकू."

मनालीने त्यांचा हात धरला. तिची बोटं गार होती.

"सगळी आणा, आई. उद्या नको, आजच आणा. ती आहे तोवर तिच्या अंगावर पडू देत."