वॉर्डात न उघडणारी लिंक

दिग्रसच्या आमच्या खासगी दवाखान्यात काहीही बिघडलं की आधी मला हाक मारतात. प्रिंटर अडला, प्रेरणा. पंखा अडला, तरी प्रेरणा. माझं खरं काम लिनक्स सर्व्हर सांभाळायचं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. नुसता जीव नकोसा करून सोडतात.

त्यात पेशंटच्या मोबाइलवर पाठवतात त्या रिपोर्टच्या लिंकची कटकट. डॉक्टरांना घरून ती उघडायची, दवाखान्याच्या वायफायवर कुणालाच उघडत नव्हती. सर्व्हर आमच्याच तळमजल्यावर. पण लिंकमधल्या नावावरून फोननं त्याचा पत्ता विचारला की दवाखान्यातल्या फोनलाही बाहेरचा, इंटरनेटवरचा पत्ता मिळायचा, आणि त्या वाटेनं आलेल्याला राउटर आत घेत नव्हता. उपाय ठरलेला होता: नावाला दोन उत्तरं ठेवायची, आतल्याला आतला पत्ता, बाहेरच्याला बाहेरचा. अर्ध्या दिवसाचं काम. मी मात्र आई भरती झाल्यापासून ते टाळत होते.

आई, बेबीताई, वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती. पोटातली गाठ काढली होती. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, पुढच्या उपचारांना नागपूरला न्यायचं ठरलं. "तिले काही सांगायचं नाही, हाय खाईन ते," असं बाबांनी सगळ्यांना बजावलं. आमच्याकडे असंच करतात. दुखणं ज्याचं, त्याला सोडून सगळ्या भावकीला ठाऊक असतं. पण भरती करताना नंबर आईचा दिला गेला, म्हणून लिंक तिच्याच फोनवर व्हॉट्सअॅपनं आली. रिपोर्टच्या शेवटी मराठीत सारांश असतो, आणि आईला वाचता येतं. वॉर्डात मोबाइलला रेंज नाही, वायफायवर लिंक नाही, म्हणून निभावलं होतं.

"काहून उघडून नाही राह्यलं वं हे?" ती रोज विचारायची.

"नेट खराब आहे, आई." रोज तेच सांगून मला माझाच वीट आला होता.

आज डॉक्टर चिडले. इतर पेशंटही बोंबलत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मी तळमजल्यावर सर्व्हरपाशी जाऊन बसले. आधी चुकून बाहेरच्यांचा नियम वर ठेवला गेला, आणि वरचा नियम आधी लागतो, त्यामुळे आतल्यांनाही बाहेरचाच पत्ता जात राहिला. क्रम बदलला. फाइल तपासली, चूक नव्हती. सेवा पुन्हा सुरू करायची तेवढी राहिली होती. बोट एंटरवर होतं आणि मला रडू आलं.

तसंच सोडून मी वर गेले. आईच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. गाठ कसली, नागपूरला कशासाठी न्यायचं, बाबांनी काय बजावलं, लिंक का उघडत नव्हती आणि आता खाली गेले की ती उघडेल, तेही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. फोन उशीखाली सरकवला.

"म्हंजे ते नेट सुधरलं नसतं," ती म्हणाली, "तं तू मले सांगितलंच नसतं."