छताला कडी असलेली खोली

"झोळीची सवय लावू नको गं. झोळीतलं लेकरू मग गादीला पाठ लावीत नाय," असं माझी आई देवगाव रंगारीहून फोनवर म्हणाली होती. मी तिला म्हटलं, आई, मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे तिनं विचारलं नाही आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

इंद्रजीत सात महिन्यांचा झाला तोवर संबंध चांगलाच कळला होता. त्याच्यासाठी हौसेनं मागवलेल्या लाकडी पाळण्यात इस्त्रीचे कपडे झोपायचे. इंद्रजीत झोपायचा हॉलमधल्या झोळीत. आमचं सिडकोतलं, एन-नाईनमधलं घर जुनं आहे, छताला झोपाळ्यासाठी ठोकलेली भक्कम कडी आहे, आणि झोळी म्हणजे सासूबाईंची मऊ झालेली सुती साडी. अडचण एवढीच की झोळी हलली पाहिजे. हात थांबला की डोळे उघडणार, जणू त्याच्या पापण्यांची दोरी माझ्याच मनगटाला बांधलीय. दिवसा मी हलवायचे, रात्री मी हलवायचे. माझ्या नवऱ्याची, सत्यमची, शेंद्र्याला कंपनीत शिफ्ट असते आणि सासूबाईंचा खांदा दुखतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुणी विचारलं, कशी आहेस, तर मी म्हणायचे, बरी आहे. कुणी विचारायचं नाही तो भाग वेगळा. सगळे विचारायचे, बाळ कसंय.

मला फक्त झोप हवी होती. सलग. कुणी हाक न मारलेली.

"तुला जरा बदल पाहिजे," एका रविवारी सत्यम म्हणाला. "दोन दिवस कुठंतरी जाऊ. तू रिसॉर्ट शोध."

म्हणजे बदल मला पाहिजे आणि शोधायचाही मीच. तरी मी उत्साहानं कामाला लागले, कारण काळजी करायला नवा विषय मिळाला की मला तरतरी येते. चार दिवसांत मी जिल्ह्यातल्या सगळ्या रिसॉर्टचे फोटो मोठे करकरून पाहिले. बाल्कनीच्या गजांमधून इंद्रजीतचं डोकं जाईल का, हे मी त्याच्या टोपीवरून काढलं. पोहण्याचा तलाव खोलीपासून किती लांब, हे बघताना मी रांगू न शकणाऱ्या मुलाचा रांगण्याचा वेग धरला होता. एका जागेच्या फोटोत भिंतीवर माकड दिसलं, ती जागा गेली. एकीचा रिव्ह्यू होता, "शांत जागा, रात्री फक्त कोल्हे ऐकू येतात." तीही गेली. आणि या सगळ्यातून उरल्या त्या खोल्या बघताना लक्षात आलं की एकाही खोलीच्या छताला कडी नाही. सगळीकडे ते पांढरं, नक्षीदार, पीओपीचं छत. झोळी बांधायची कशाला?

मग मी एकेका ठिकाणी फोन करायला सुरुवात केली.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंचं म्हणणं असं की लेकराला घेऊन कुठं निघायचं असलं की आधी बोभाटा करायचा नाही. "निघूस्तोवर बोलायचं नाय. दृष्ट लागती. नायतर गाडी तरी पंक्चर व्हती." माझा यावर विश्वास नाही. पण आमची गाडी मागच्या महिन्यात पंक्चर झालीच होती, आणि उगाच कशाला. शिवाय मी फोन करायचे तेव्हा आत्याबाई समोरच गवार मोडत बसलेल्या असायच्या. त्यांचे कान गवारीत नसायचे. त्यामुळे मी कुठल्याच रिसॉर्टला बाळाचा उल्लेख केला नाही. "दोन माणसं," एवढंच सांगायचे.

पहिल्या दोन-तीन जागांनी "मॅम, कडी नाही, पण जकुझी आहे" असली उत्तरं दिली. मग म्हैसमाळच्या रस्त्याला नवीनच झालेल्या एका जागेचा नंबर मिळाला. फोन मालकानंच उचलला. काकासाहेब म्हणून होते.

"बोला ताई."

"तुमच्याकडे छताला कडी असलेली खोली आहे का?"

"कडी?"

"हूक. लोखंडी. पंख्याचा चालेल, पण भक्कम पाहिजे."

"कशाला पाहिजे, ताई?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी शेंग हातातच धरली होती.

"ते मी आल्यावर सांगते," मी आवाज खाली आणून म्हटलं. "वजन किती झेलेल?"

इंद्रजीत आठ किलोचा. पण हलत्या वजनाचा ताण जास्त पडतो असं मी वाचलं होतं, कडी जुनी असेल तर अजून थोडं, आणि माझ्या काळजीचं वजन वेगळं. "साठ किलो तरी झेलले पाहिजेत," मी म्हटलं.

"साठ."

"हो. आणि दोर नको, साडी मी घरूनच आणणार आहे."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, रजिस्टर काढतायत.

"ताई," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले, "सोबत कोण येतंय?"

"मिस्टर येतील ना. पण ते फिरायला जातील दुपारी. तेव्हा खोलीत कुणी यायला नको. चहा नको, साफसफाई नको, कुणी दार पण वाजवायला नको. मला एकदा शांत झोपायचंय बस. लई थकलेय मी."

आता हे सगळं लिहिताना मला माझा आवाज ऐकू येतो. तेव्हा येत नव्हता. तेव्हा मला वाटलं, किती मुद्देसूद बोलतेय मी, उगाच नाही एम.एस्सी. झाले.

"हूक हाय, खोली पण हाय," काकासाहेब म्हणाले. "तेवढा मिस्टरांचा नंबर द्या. बुकिंगला लागतो."

मी दिला, आणि फोन ठेवून आत्याबाईंना विजयी मुद्रेनं सांगितलं, "मिळाली."

त्यानंतर मी झोळी हलवत बसले होते तर दारात सत्यम. शिफ्ट अर्धी टाकून आलेला, कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच, हेल्मेट डोक्यावर तसंच. बूट न काढता तो हॉलमध्ये आला, आधी माझ्याकडे बघितलं, मग वर कडीकडे, मग झोळीकडे, मग परत माझ्याकडे.

"काय झालं रं?" आत्याबाई उठल्या. "कंपनीत काय झालं का?"

"संस्कृती," तो म्हणाला. "तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"खरं सांग."

"अहो, बरी आहे," मी म्हटलं. आत्याबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

तो माझ्याशेजारी खाली बसला, हेल्मेटसकट. "मला एका माणसाचा फोन आला होता. म्हणाला, साहेब, तुमच्या मंडळींवर ध्यान ठेवा, घरी एकटं ठेवू नका, त्या आमच्याकडं हूक विचारत होत्या. साडी आणणार म्हणत होत्या. कुणी दार वाजवू नका म्हणत होत्या."

माझ्या डोक्यात तो सगळा फोन उलटा फिरला. कडी, साठ किलो, साडी. मला हसू फुटलं. असं हसू की तोंडावर पदर, म्हणजे ओढणी, दाबावी लागली. "अहो, झोळी," मी कशीबशी म्हटलं. "झोळीसाठी. बाळाचं सांगायचं नव्हतं ना, दृष्ट..."

सत्यमही हसायला लागला. सुटका झाल्यासारखा हसला बिचारा. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "हसू नगा, लेकरू उठंल," म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता माझ्याकडे बघत राहिल्या, कारण सत्यम थांबला तरी माझं थांबत नव्हतं, आणि ते हसू केव्हाच हसू राहिलं नव्हतं.

मला मरायचं नव्हतं. हे मी सत्यमला तेव्हाही सांगितलं आणि ते खरं आहे. पण बरी आहे, हेही खरं नव्हतं. मी रोज दुपारी झोळी हलवताना मनातल्या मनात सिडको बसस्टँडवर जायचे. समोर दिसेल त्या एसटीत चढायचे, मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपायचे. गाडी कुठं जाणार ते मी कधी बघितलं नाही. परत यायचं की नाही, तेही ठरवलं नव्हतं. एवढा बारीक विचार करणारी मी, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर मोजणारी, आणि परतीच्या गाडीचा विचारच केला नव्हता.

हे सगळं मी त्या दोघांना सांगून टाकलं. माझा हात थांबला होता. इंद्रजीतनं डोळे उघडले. मी दोरीकडे वळले तर आत्याबाईंनी ती आधीच धरली होती, न दुखणाऱ्या हातात. "जा," म्हणाल्या. "आत जाऊन पड."

मी आत जाऊन पडले आणि अर्थातच झोप आली नाही. कान हॉलमध्येच. पण पडले.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो, बाळाच्या नाही, माझ्या. त्यांनी जे जे विचारलं त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर "बरी आहे" असं येत नव्हतं, त्यामुळे मला बराच वेळ बोलावं लागलं. गोळ्या दिल्या, परत बोलावलं. रात्रीचा अर्धा वाटा सत्यमकडे आला. पहिल्या रात्री तो झोळी हलवता हलवता बसल्या जागी झोपला आणि हात मात्र हलत राहिला. कंपनीतल्या नाईट शिफ्टचं हेच कसब असावं.

आणि रिसॉर्टलाही गेलो. काकासाहेबांकडे जायला मला लाज वाटत होती, आणि म्हणूनच सत्यम म्हणाला, तिथंच जाऊ. त्यानं आधी फोन करून काकासाहेबांना झोळीचा सगळा खुलासा केला. ते म्हणाले, "व्हय व्हय, झोळी. आलं ध्यानात." दवाखान्यातली माणसं बोलतात तशा आवाजात.

काकासाहेब फाटकातच उभे होते. इंद्रजीतला बघून त्यांचा चेहरा उजळला. "हाय की खरंच लेकरू," असं ते स्वतःशीच म्हणाले. मग आम्हाला खोली दाखवली. खाली, ऑफिसच्या अगदी समोर. मी वर बघितलं. छताला हूक नव्हता. पंखाही नव्हता. पंखा असायचा तिथं नुसती वायर टेप गुंडाळून ठेवलेली.

"पंखा दुरुस्तीला दिलाय," काकासाहेब म्हणाले.

"आणि हूक?" सत्यमनं विचारलं.

"तो बी."

झोळी शेवटी अंगणात बांधली. चिंच जवळ होती, पण आत्याबाईंनी फोनवरूनच चिंचेला नकार दिला, म्हणून कडुलिंबाला. सत्यम खाली सतरंजीवर बसून दोरी ओढायला लागला आणि मी खोलीत गेले, दार लावलं, पडदे ओढले आणि पांढऱ्या चादरीवर आडवी झाले. महिनोन् महिने याच क्षणासाठी जगले होते.

दार वाजलं. "ताई, चहा?"

नको म्हटलं. डोळे मिटले. दार वाजलं. "ताई, पाण्याची बाटली ठेवू का?" मग साबण. मग जेवणात तिखट कितपत चालतं. मग खिडकीशी कुणीतरी उगाचच खोकलं. शेवटी मी उठून दार उघडलं. काकासाहेब स्वतः उभे होते, हातात टॉवेल.

"काका," मी म्हटलं, "मी झोपलेय. नुसती झोपलेय."

ते ओशाळले, पण हलले नाहीत. "लेकराची आई हाय म्हणून सांगितलं तुमच्या मालकांनी, तर माझा घोर कमी नाय झाला, वाढला," म्हणाले. "आमच्या घरात एका बाळंतिणीचं बघितलंय मी. तिला कुणी विचारलं नव्हतं." टॉवेल माझ्या हातात दिला आणि ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसले.

मी दार उघडंच ठेवलं. मनात आलं, त्यांना दिसत राहिले तर दोघांनाही बरं. पडल्या जागेवरून लिंबाखालची झोळी दिसत होती, सत्यमचा हात दिसत होता, आणि पायरीवर वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले काकासाहेब. इतक्या पहाऱ्यात आणि इतक्या उजेडात मी झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती आणि गालावर टॉवेलचा शिक्का उमटला होता.

संध्याकाळी मी लिंबाखालच्या झोळीचा फोटो स्टेटसला टाकला. लगेच तनुजाचं उत्तर आलं. तनुजा माझी एम.एस्सी.ची मैत्रीण, वर्गात माझ्यापेक्षा दुप्पट बोलायची. लग्नानंतर वैजापूरला असते, तिला पाच महिन्यांची मुलगी आहे. तिनं लिहिलं होतं, "किती छान. मजा कर."

मी विचारलं, तू कशी आहेस?

"बरी आहे."

झोप होते का?

"बरी आहे गं."

मी फोन लावला. तिनं उचलला नाही. परत लावला. मग तिचा मेसेज आला, मुलीचा फोटो, टोपी घातलेला, आणि खाली हसरा चेहरा. मी जुने मेसेज वर सरकवत गेले. मुलगी झाल्यापासून तिनं मला नुसते फोटोच पाठवले आहेत आणि प्रत्येकावर मी "गोडुली" असं लिहून मोकळी झालेय. तिच्या आईचा नंबर माझ्याकडे नाही. तिच्या नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "सगळं ठीक आहे, तिला जरा आराम करू द्या," आणि त्याच्या मागं बाळ रडत होतं, आणि ते थांबत नव्हतं.

रविवारी मी आणि सत्यम तिच्याकडे जातोच आहोत. पण रविवारला अजून वेळ आहे. तुम्ही वैजापूरचे असाल, किंवा तिकडे तुमचं कुणी असेल, तर मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत दुसरं घर, हिरवं फाटक. बाळ बघायला आलो म्हणा, म्हणजे आत घेतील. बाळ बघून झालं की तनुजाकडे बघा. बरी आहे म्हणाली तर लगेच उठू नका.