हाकेला थांबणारा नवरा

गिरणीच्या फाटकावर सकाळी दहाच्या आत जोडीनं हजर राहायचं, तरच काम आणि खोली. हे मी आमच्या ह्यांना आठवडाभर इतक्यांदा सांगितलं की त्यांचे कान किटले असतील.

घरचा माग वर्षभर मुका होता. गिरणीचं कापड स्वस्त, माझं कोण घेणार? आणि नदीवर आगगाडीचा पूल झाल्यापासून ह्यांची नावही काठावर उपडी पडलेली. माझे तागे बाजारात न्यायला ह्यांना तीन दिवस लागायचे, गाडीला दोन तास.

त्या गाडीत आम्ही पहिल्यांदाच बसलो. बाहेर धुकं. झाडं कुठंतरी निघाल्यासारखी मागे मागे जात होती. वाटलं, मी अजून अंथरुणातच आहे आणि हे सगळं झोपेत चाललंय. इतकं हलकं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

हे मात्र नावाडीच. "काका, तुम्ही वजनदार, मधे सरका. तुम्ही दोघी तिकडे बसा, डबा कलतोय."

लोक हसत हसत सरकलेसुद्धा! मी कपाळावर हात मारला. "अहो, रुळावर आहे ती, बुडत नाही."

"तू गप गं. वजन मला कळतं."

मधल्या स्टेशनावर गाडी सुटता सुटता लांबून हाक आली, "थांबा होऽऽ!" एक म्हातारी गाठोडं सावरत पळत येत होती. तीस वर्षांत हाक मारणारं माणूस ह्यांनी कधी काठावर सोडलं नव्हतं. हे तडक उतरले आणि हात वर करून इंजिनावर ओरडले, "ए, थांब जरा! माणूस यायचंय!"

गाडी थांबते कुठली. धुक्यात हे आणि ती म्हातारी लहान लहान होत गेले. हे अजून हात हलवत होते, अगदी निर्धास्त. मला आधी हसू आलं, मग मी दाराशी धावले.

उडी मारावीशी वाटली. नाही मारली. खोटं कशाला बोलू?

फाटकाच्या आत शेकडो माग एका दमात चालू होते, पायाखालची जमीन गुणगुणत होती. माझे हात आपोआप धोटा फेकल्यासारखे हलायला लागले.

"नवरा?" कारकुनानं विचारलं.

"मागून येतायत."

"दहा वाजले. एकटीला काम नाही, खोली नाही. विधवांचं वेगळं आहे, चौघींत एक खोली मिळते." त्यानं लेखणी उचलली. "आहेस का विधवा?"

रांगेत माझ्यामागे वीस जणी होत्या. मी म्हणाले, "हो."

दिवसभर यंत्र विणत होतं, मी तुटलेले धागे जोडत होते. सांगायला लाज वाटते, पण मी सुखात होते. घरी आठवड्याला होणारं कापड दुपारपर्यंत झालं.

संध्याकाळी बाहेर आले, तर हे फाटकाशी उभे. रुळांच्या कडेनं चालत आलेले, गुडघ्यापर्यंत धूळ. रखवालदार वैतागला होता. "बाबा, कितींदा सांगू? त्या बाईचा नवरा वारलाय, वहीत लिहिलंय. तुम्ही कोण तिचे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांना चिकटलेल्या सुताकडे पाहिलं.

"कोणी नाही," हे म्हणाले. "बाईंच्या गावचा नावाडी."