उकळती पेज

औषधाच्या चाचणीतल्या अकरा मुलांपैकी दहा जणांचे रक्तातले आकडे उतरले आणि एकीचा जागचा हलला नाही, तेव्हा आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी त्या एकीलाच दोष दिला. तिचं नाव दिव्यानी, वय सहा, गाव कुरखेड्याच्या पलीकडे. "तिला औषध लागू पडत नाही, नाव कमी करू," असं बैठकीत जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं, आधी मी जाऊन बघते. मी तिकडचीच, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, तेव्हा त्या भागातलं मला सगळं कळतं, असा माझा तोरा होता. किती कळत होतं ते पुढे येईलच.

औषध म्हणजे एक प्रोटीन. निसर्गात कुठेही न सापडणारं, मी आणि माझा सहकारी प्रणित, आम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर घडवलेलं. दिव्यानीला जन्मापासून एक दुखणं आहे. डाळ, दूध, अंडी यांतला एक घटक तिच्या शरीराला फोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि हळूहळू मेंदूची नासधूस करतो. जन्मली त्याच आठवड्यात टाचेच्या रक्तावरून कळलं, म्हणून पोर हुशार राहिली. पण खाणं काय, तर साबुदाणा, पातळ पेज, फळं आणि डब्यातली एक वासट पावडर. आमचं प्रोटीन तिच्या पोटात जाऊन तो घटक तिथल्या तिथे फोडणार होतं. चाचणीतून नाव कटलं, की तेही नाही.

मी पोचले तेव्हा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. आईबाप शेतात, घरी दिव्यानी आणि तिची आजी रुखमाबाई.

"दवाई टायमावर देता ना, आजी?"

"एक टाइम चुकला नाई, मॅडम. हे पाहा."

त्यांनी चुलीवरचा गंज उतरवला, रटरटती पेज वाटीत ओतली, तिच्यात आमची पुडी रिकामी केली आणि चमच्यानं ढवळू लागल्या. "कडू जहर हाये हे. गरम पेजेत मीठ टाकून देल्लं त पोट्टी गपकन पेते."

मी कपाळाला हात लावला. प्रोटीनचं सगळं काम त्याच्या घडीवर चालतं. उकळत्यात पडलं की घडी मोडते. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही, तसंच. दीड महिना रुखमाबाई नातीला शिजलेलं, मेलेलं औषध पाजत होत्या.

"आजी, गरमात टाकलं त मरते ते. पुडीवर लिवलं हाये, थंड पान्यात द्या म्हनून."

त्यांचा हात थांबला. "म्हंजे माह्याच हातानं..." एवढंच म्हणाल्या आणि चुलीपाशी खाली बसल्या. मला स्वतःचाच संताप आला. वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात आम्ही सूचनांची पुडी ठेवली होती. चूक कोणाची, हे शोधायला कॉम्प्युटर लागत नाही.

मग आम्ही थंड पाण्यात देऊन पाहिलं. दिव्यानीनं ओकून टाकलं. थंड पेजेतही तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं दात असे आवळले, की चमचा आत जाईना. रुखमाबाई माझ्याकडे वळल्या. "राग नको मानू, पोरी. तुह्यी दवाई गरमात टिकत नाई, अन् माह्यी नात थंड पेत नाई. दोघातलं कोन बदलू शकते?"

शिकवायला आलेल्या बाईनं तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

दुपारी त्यांनी मला जेवू घातलं. भात, वांग्याची भाजी, ठेचा. वरण नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तूर लावणारं घर, आणि पाहुण्याच्या ताटात वरण नाही? आल्याआल्या माझं आडनाव विचारून झालं होतं. मनात जातीची नको ती शंका आली, आणि ती घेऊनच मी निघाले.

दिव्यानीचं नाव त्या फेरीतून कमी झालंच. ते मला थांबवता आलं नाही. पण आजींचा प्रश्न काही पाठ सोडेना. सहा वर्षांची पोर बदलणार नाही, हे उघड होतं. प्रोटीन बदलेल, ते आमच्याच हातात होतं की! कॉम्प्युटरला आम्ही नवं काम दिलं: आतल्या पोकळ्या भरून काढ, सैल टोकं आवळ, पण घटक पकडायची जागा तसूभरही हलवू नकोस. त्यानं शेकडो आकार दिले. ते आम्ही एकेक बनवून पाहिले. काही उकळत्या पाण्यात मोडले, काही टिकले पण काम विसरले. शेवटी मी घरून तांदूळ आणि मीठ आणलं आणि प्रयोगशाळेतच पेज रांधली.

"संघप्रिया, ही लॅब आहे की खानावळ?" प्रणित म्हणाला.

दोनशे बारावा आकार दहा मिनिटं पेजेत उकळला आणि बाहेर येऊन निमूट कामाला लागला. मी पहिला फोन रुखमाबाईंना केला, साहेबांना नंतर.

पुढे प्राण्यांवरच्या तपासण्या, परवानग्या, नवी चाचणी. चार वर्षं गेली. या फेरीत दिव्यानीचं नाव पहिलं होतं. गरम पेजेतून रोज औषध घेऊन आठ महिन्यांत तिचा आकडा इतका उतरला, की डॉक्टरांनी अर्धी वाटी वरणाची परवानगी दिली. त्या दिवशी मला जेवायला बोलावणं आलं.

गेले, तर रुखमाबाई माझ्या पायांशी वाकल्या. मी त्यांना वरच्यावर धरलं. "आजी, उलटं हाये. तुमी गरमात टाकलं नसतं, त हे औषध जलमलंच नसतं."

त्यांनी डोळे पुसले आणि वरणाचा गंज पुढे ओढला. "दहा वर्षानं वरन शिजलं या घरात. नाकात वास गेला असता, पोट्टीनं मांगतलं असतं, त मी काय सांगतलं असतं तिले? कोनीच खाल्लं नाई. धुऱ्याची तूर दरसाल सारी इकून टाकत होतो आमी."

मला माझं ते ताट आठवलं. "आजी, त्या टायमाले तुमी मले वरन नाई वाढलं, त मी तुमच्याबद्दल वाईट आनलं होतं मनात."

"आनलं असशीन. म्याबी तुह्या दवाईले कमी शिव्या नाई देल्ल्या."

दिव्यानीनं बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "आजी, मीठच नाई याच्यात!"

"दहा वर्षं झाले, बाई. हाताची सवय मोडली माह्या." रुखमाबाई हसता हसता रडू लागल्या.

दिव्यानीनं तरी अर्धी वाटी संपवली. मग रुखमाबाईंनी स्वतःच्या भातावर वरण ओतून घेतलं आणि पहिला घास खाल्ला. मीठ खरंच कमी होतं. मी वरण दोनदा मागून घेतलं.