मातकट पिल्लं

मेल्या त्या कोळंब्या! बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत, खायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. त्यांच्यापायी आमच्या घरात सोफ्याला जागा उरली नाही. भिंतीला लागून दोन काचेच्या टाक्या, एकीत निळ्या, एकीत लाल. निळ्यांवर यांचा भारी जीव. दर पिढीतल्या गडद तेवढ्या ठेवायच्या, फिक्या निघालेल्या जाळीने उचलून बाहेरच्या टबात सोडायच्या. वर्षानुवर्षं डोळ्यात तेल घालून यांनी तो रंग शाईसारखा करत आणला.

यांना विसरायचा आजार लागला, तसं मी टाक्यांना नावं ठेवणं सोडलं. जेवताना हे मला विचारायचे, "आपण कुणाकडच्या?" आणि टाकीपुढे स्टूल ओढून बसले की तेच ओरडायचे, "अगं, जाळी दे ना! डोळे फुटले का तुझे? ती फिकी बघ, दगडामागे." तिथे मी त्यांची बायको होते. म्हणून त्या निळ्या शाबूत राहायलाच हव्या होत्या. दुसरं काय उरलं होतं माझ्याकडे?

मग मला तापाने आडवं केलं. बरी होऊन बाहेर आले तर लाल टाकी रिकामी! सगळ्या लाल निळ्यांत.

"एकट्या पडल्या होत्या बिचाऱ्या," हे म्हणाले. "आता एकमेकींना सोबत."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अहो, तुम्हीच सांगायचात ना, दोन रंग मिसळले की पिल्लं मातकट निपजतात? सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंत!" ते घाबरून बघत राहिले. तो चेहरा बघून मला माझंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

त्याच दिवशी मी एकूण एक लाल वेचून परत तिच्या टाकीत टाकली. पण निळ्या माद्यांच्या पोटाखाली अंडी आधीच आली होती. ती शुद्ध की भेसळीची, अंड्यावरून थोडंच कळतंय! ठरवलं, पिल्लं रंगावर आली की मातकट तेवढी गुपचूप काढायची, यांना पत्ता लागू द्यायचा नाही. मग रोज हे उठायच्या आत भिंग घेऊन मी टाकीला नाक लावून बसायचे.

एकदा दूध उतू गेलं म्हणून आत पळाले. जाळी हातातच. परत येते तर हे स्टुलावर, बोट काचेमागच्या मातकट पिल्लांवर.

"ही घाण कुणी केली?"

खरं सांगून त्यांना कशाला रडवू? म्हटलं, "मी. चुकून झालं."

आता शिव्या घालतील म्हणून मी वाट बघत उभी. घाला हो, पोटभर घाला!

पण हे शांतपणे उठले. माझ्या हातातली जाळी अलगद काढून घेतली. "हे बघा बाई, तुम्हाला बोल लावत नाही मी. हे काम सगळ्यांना जमत नाही. उद्यापासून नका येऊ."

"अहो, मी..."

"माझी बायको करेल. तिच्यासारखी नजर नाही कुणाची. माझ्याहून पक्की." मग जरा ओशाळून हसले. "तिला कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी. येईलच आता."

मी चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. डोळे पुसले, केस सारखे केले आणि बेल वाजवली.

यांनी लगबगीने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे.

"खाली भेटली का हो ती तुम्हाला?"