सोन्याला लावलेला शेंदूर

रखमाजीच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला की तो ना त्याला सुखानं बसू देई, ना दुसऱ्याला. आणि या वेळी तर किड्याला सोनं सापडलं होतं!

जालना एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात तो भट्टीचा मुकादम. भट्टीतून एक वायू झिरपायचा. त्याला ना वास ना रंग. नुसतं डोकं जड करायचा आणि बेसावध माणसाला कायमचा निजवायचा. म्हणून कारखान्याच्या इंजिनिअर ऋषीसाहेबांनी भट्टीशेजारच्या केबिनमध्ये एक पेटी बसवली. आतली जाळी त्या विषाची हवेतल्या प्राणवायूशी गाठ घालून त्याला निरुपद्रवी करायची. "जाळीवर सोन्याचे कण आहेत, डोळ्याला न दिसणारे. हात लावू नका," एवढं साहेब बोलून गेले, आणि तिथंच घोळ झाला.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी केबिनमधला भोंगा ठणाणा करायला लागला. विष वाढलं होतं. रखमाजीनं लगेच ताडलं, सोनं गेलं! आणि नेलं कोणी? वाटूरच्या अंगद फिटरनं, दुसरं कोण! खंडेनवमीच्या संध्याकाळी रखमाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पेटी उघडी, अंगद जाळी फडक्यानं चोळतोय, आणि चाहूल लागताच फडकं डब्याच्या पिशवीत. वर दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या त्याच्या बायकोच्या, दैवशालाच्या, गळ्यात नवीकोरी पोत! आता बोला.

त्यानं सरळ मॅनेजरच्या कानावर घातलं. सहा वर्षं हाताखाली राबलेल्या अंगदला गेटावरच्या बाकड्यावर बसवलं. चोरी ठरली तर नोकरी गेलीच.

"मामा, म्या काही चोरलं न्हाई."

"मंग फडकं कशाला लपवलं?"

अंगद मान खाली घालून गप्प. रखमाजी मनात म्हणाला, चोर नसता तर बोलला नसता का!

दुपारी ऋषीसाहेब आले. पेटी उघडून त्यांना हसूच फुटलं. "मामा, अख्खी जाळी खरवडली तरी नाकातली चमकी व्हायची नाही! आणि हे सोनं संपतही नाही. एकेक कण म्हणजे रसवंतीवरचं बाकडं समजा. विष येऊन टेकतं, प्राणवायू शेजारी येतो, दोघं जोडीनं उठून जातात. बाकडं रिकामं, पुढचा बसतो. पण कोणी पथारी पसरून आडवाच झाला तर?"

त्यांनी जाळीच्या भोकातून काडी फिरवली. काडीचं टोक केशरी झालं.

"शेंदूर! यात शिसं असतं, वर तेल. बाकडी सगळी अडली. कोणी लावला हा?"

रखमाजीला आठवलं. खंडेनवमीच्या सकाळी भट्टी पूजली, हातोडे पूजले, आणि पेटीत साक्षात लक्ष्मी म्हणून जाळीलाही तेलात कालवलेला शेंदूर फासला. कोणी? त्यानंच की! चांगला दोन बोटं भरून.

तो गेटावर गेला. अंगदनं मुकाट्यानं पिशवीतून फडकं काढलं. केशरी, तेलकट.

"तुमी लावून गेल्ते. साहेबांनी तर हात लावू नका म्हणलं व्हतं. मंग पुसून राह्यलो व्हतो. पण आतलं काही निघालं न्हाई."

"अन् बोलला का न्हाईस, मर्दा?"

"तुमी देवाचं म्हणून लावलं. चार लोकांत कसं सांगू, मामानं बिघडवलं म्हणून?"

रखमाजीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तो मेला किडा एकदा वळवळलाच. "अन् ती पोत?"

"पितळेची हाय, मामा. वरून नुसतं सोन्याचं पाणी."

रखमाजीनं फडकं घेतलं आणि तडक मॅनेजरसमोर धरलं. पाळीवरची सगळी माणसं बघत होती.

"चोरी झालीच न्हाई, साहेब. शेंदूर माझ्या हातचा हाय. त्याला आत घ्या."

अंगद उठून आत गेला. गेटावरच्या रिकाम्या झालेल्या बाकड्यावर रखमाजी जाऊन बसला.